पूर ओसरला, मग आता घरात भांडणं का?

प्रश्न: पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हा सगळे एकत्र होतो, अनोळखी लोकांनीपण मदत केली, खरं सांगायचं तर त्या आठवड्यात कुणी रडलंसुद्धा नाही. आता तीन महिने झालेत, घर बऱ्यापैकी लागलंय, पण रोज कशावरून तरी वाद. नवरा गप्प गप्प असतो, सासूबाई आभाळ भरून आलं की रात्रभर जाग्या, आणि सात वर्षांचा मुलगा परत अंथरूण ओलं करायला लागलाय. नवऱ्याला बोलतं करू का? आमचंच काही चुकतंय का?
– एक वाचक

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये. आधी जीव वाचवायची धावपळ, मग मदत येते, सगळे एक होतात, उमेद असते, आणि नंतर मदत आटते, कॅमेरे निघून जातात, मागे उरतात ते फॉर्म, क्लेम, कर्ज आणि ओल धरलेल्या भिंती, हा क्रम इतक्या ठिकाणी दिसलाय की आपत्तीनंतर काम करणारे त्याला टप्पेच म्हणतात. तुम्ही आत्ता या मदत आटल्यानंतरच्या टप्प्यात आहात, तो बरेच महिने लांबू शकतो, मग हळूहळू सावरणं सुरू होतं. त्या आठवड्यात रडायला वेळ कुठे होता हो!

नवऱ्याला खोदून विचारू नका. पूर्वी वाटायचं की घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं बोलून घ्यायचं, म्हणजे झालं. पण तपासून बघितल्यावर अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळतो असं काही दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही बोलायची सक्ती नको, बोलला तर नीट ऐका, असंच सांगितलंय. त्यापेक्षा कागदपत्रं लावायला दोघं मिळून बसा, हात कामात असले की काही माणसं आपणहून बोलतात.

मुलाला रागावू नका, चिडवू तर अजिबात नका. मोठ्या धक्क्यानंतर मुलं वयाने लहान झाल्यासारखी वागतात, जेवणा-झोपेच्या वेळा पक्क्या ठेवल्या की बहुतेकदा हळूहळू सावरतात. सासूबाईंसमोर पुराचे व्हिडिओ बंद करा, आणि औषधं, टॉर्च, महत्त्वाचे कागद अशी एक पिशवी त्यांनाच भरून दाराशी ठेवू द्या. घाबरू नका म्हणण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

आणि शेजाऱ्यांना धरून राहा, हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं खरं तर. जपानमधल्या 1995 च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरत्या घरांमध्ये ओळखीची माणसं विखुरली गेली आणि कितीतरी म्हातारी माणसं एकटीच मरून पडलेली सापडली. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमधल्याच इवानुमा शहरात काही लोकांना शेजाऱ्यांसकट एकत्र हलवलं, त्यांच्यातलं जाणं-येणं जास्त टिकलं. तुम्ही जुन्याच घरात आहात, म्हणजे हे तुमच्या हातात आहे.

तीन महिने मात्र कमी नाहीत. सासूबाईंची झोप अशीच राहिली, नवऱ्याचं पिणं वाढलं किंवा घरात कुणी "जगून काय करायचं" असं बोललं तर डॉक्टरांकडे जा, आणि हे शेवटचं वाक्य ऐकलंत तर त्याच दिवशी जा, त्या माणसाला एकटं सोडू नका.