बी.ए. इग्नूतून करू की नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी मराठी माध्यमातून झाली, सध्या नोकरी चालू आहे, पुढे एमपीएससी द्यायचा विचार आहे, आणि बी.ए.साठी इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (पुढे नुसतं 'मुक्त विद्यापीठ'), कोणाच्या पदवीला जास्त किंमत आहे? मी बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं आणि इतिहासाचं एम.ए. इग्नूतून, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय.

आधी किमतीचा विषय संपवू. कायद्याने दोन्ही पदव्या सारख्याच. इग्नू संसदेच्या १९८५च्या कायद्याने उभं राहिलं, नाशिकचं विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या १९८९च्या कायद्याने. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२०च्या दूरस्थ शिक्षण नियमावलीतला २२वा नियम सांगतो, की मान्यता असलेल्या विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानायची. २०२२च्या सप्टेंबरात यूजीसीने हे पुन्हा जाहीर केलं. त्यामुळे एमपीएससी, यूपीएससी, बँका, रेल्वे, सगळीकडे दोन्ही चालतात. इग्नूला २०२१मध्ये नॅकची, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, ए++ श्रेणी मिळाली. चांगलीच गोष्ट आहे, पण स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मात ती कोणी विचारत नाही. राहिले नातेवाईक. त्यांच्या लेखी दोन्हीही 'बाहेरूनच' असतात.

गंमत म्हणजे मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. म्हणजे या दोन संस्था एकमेकींना काही परक्या नाहीत. स्वतः वाचून शिकायची पुस्तकं, जवळचं अभ्यासकेंद्र, सुट्टीच्या दिवशीची संपर्कसत्रं (शिक्षकांसमोरचे तास) हा साचाही दोन्हीकडे तोच.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते पहिला प्रश्न हा: तीन तासांचा पेपर तुम्ही कोणत्या भाषेत लिहिणार?

इग्नूत बी.ए.चं माध्यम मुख्यतः इंग्रजी किंवा हिंदी. मुक्त विद्यापीठात तुम्ही पुस्तकं मराठीत वाचता, गृहपाठ मराठीत लिहिता, पेपरही मराठीत. बरेच जण म्हणतात, 'हिंदी काय, लिपी तीच, शब्दही बरेचसे तेच, जमेल की.' वाचायला जमतंच. 'न्यायपालिका', 'अर्थव्यवस्था', 'संविधान' वाचताना कुठेच अडत नाही. लिहायला बसलं की रंग दिसतात. मुद्दा डोक्यात मराठीत येतो आणि पेन 'का, की, के'पाशी थांबतं. एका वाक्याला दोन-चार सेकंद गेले तरी तीन तासांत शेवटचा प्रश्न अर्धवट राहतो. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला आधीच लिखाणाचा सराव कमी असतो, त्यात हे. मी एम.ए. इंग्रजीतून दिलं, कारण तोवर ऑफिसात रोज इंग्रजीत लिहून हात बसला होता. बारावीनंतर लगेच ते झेपलं नसतं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

यावर एक चाचणी आहे, फुकट. इग्नूची पुस्तकं ईज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचायला खुली आहेत. तिथून राज्यशास्त्राच्या बीपीएससी-१३१ या पेपरचं हिंदी पुस्तक उघडा. त्यात 'खंड' असतात, खंडात 'इकाई', आणि इकाईत मधूनमधून 'बोध प्रश्न', खाली उत्तरासाठी रिकाम्या रेघा. एक इकाई वाचा, फोन बाजूला ठेवा आणि एका बोध प्रश्नाचं उत्तर हिंदीत, हाताने, अर्धा तास घड्याळ लावून लिहा. मग दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाचं उत्तर मराठीत लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मला काही सांगावं लागणार नाही. हिंदीचा कागद मराठीइतकाच भरला असेल तर इग्नूचा विचार जरूर करा, कारण पुस्तकांच्या बाबतीत माझं माप त्यांच्याकडे झुकतं. इतिहास आणि राज्यशास्त्राची त्यांची पुस्तकं यूपीएससीवाले पदवी कुठलीही असली तरी वाचतात, ते उगाच नाही.

आता एमपीएससीचं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आयोगाने २०२५पासून वर्णनात्मक केली आहे. म्हणजे पर्याय काळे करण्याचे दिवस गेले, तिथेही पानंच्या पानं लिहायची आहेत, आणि तुम्ही ती मराठीतच लिहिणार. पदवीची तीन वर्षं मराठीत उत्तरं लिहून काढलीत तर तो सराव थेट तिकडे लागू पडतो. यूपीएससीकडे वळलात तरी मराठी माध्यम आहे आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही आहे. तुमच्या परिस्थितीत मी हे पारडं जड मानेन.

दुसरा मुद्दा गावाचा. नोकरी बदलीची असेल, किंवा लग्नानंतर राज्याबाहेर जायची शक्यता असेल, तर इग्नू घ्या आणि मोकळे व्हा. त्यांची केंद्रं देशभर आहेत आणि प्रादेशिक केंद्र बदलून घेता येतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर इथे त्यांची प्रादेशिक केंद्रं आहेत. राज्याच्या मुक्त विद्यापीठाची हद्द मात्र राज्यापुरतीच. बंगळुरूला बदली झाली तर परीक्षेला दरवेळी इकडे यावं लागेल. उलट महाराष्ट्रातच, त्यातही तालुक्याच्या गावी राहणार असाल, तर मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र बहुधा जवळच्याच कॉलेजात सापडेल. इग्नूच्या केंद्रासाठी कदाचित जिल्ह्याला जावं लागेल.

आणि ते केंद्र प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन बघा. विद्यापीठ कागदावर कितीही मोठं असलं, तुमचा रोजचा संबंध त्या एका खोलीशी असतो. मी ज्या कॉलेजातल्या केंद्रात जायचो तिथे जिन्याखालच्या खोलीत सुतळीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे, एक टेबल आणि एक कारकून. पण तो कारकून सोन्यासारखा माणूस होता. कोणाचं कोणतं पुस्तक आलं नाही, कोणाचा परीक्षा अर्ज राहिलाय, त्याच्या वहीत सगळं. ओळखीचा एक जण दुसऱ्या केंद्रात होता, इमारत चकचकीत, पण संपर्कसत्र कधी आहे ते झाल्यावर कळायचं. तेव्हा रविवारी जा, कारण संपर्कसत्रं बहुतेक सुट्टीच्याच दिवशी असतात. तिथे आलेल्या विद्यार्थ्यांना विचारा: पुस्तकं कधी हातात पडली, मागच्या सत्रात तास खरंच झाले का, परीक्षा केंद्र कुठे येतं. संयोजकांपेक्षा विद्यार्थी खरं सांगतात.

वेळापत्रकात इग्नू जरा जास्त सैल आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा, सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरला, आणि तीन वर्षांचं बी.ए. पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुभा. ऑफिसात मार्चअखेरची धावपळ असेल तर जूनचे एक-दोन पेपर डिसेंबरवर ढकलता येतात. हा सैलपणा शिस्तीच्या माणसाला वरदान आणि चालढकल करणाऱ्याला खड्डा. डिसेंबरवर ढकललेला पेपर पुढच्या जूनवर कसा जातो ते कळतही नाही. परीक्षेची फी तिथे प्रत्येक पेपरमागे वेगळी भरावी लागते, हेही बजेटात धरा. प्रवेश शुल्काचे आकडे दोन्हीकडे बदलत राहतात, म्हणून ते चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच बघा. दोन्ही तुमच्या पगारात बसतील.

असाइनमेंटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माणसं तिथेच गळतात. इग्नूत असाइनमेंटचा वाटा ३० टक्के आणि परीक्षेचा ७०. बी.ए.ला एका पेपरच्या असाइनमेंटमध्ये साधारण तीन भाग असतात: ५०० शब्दांची उत्तरं, २५० शब्दांची आणि १०० शब्दांची. हाताने लिहायची. सगळ्या पेपरांची मिळून एक वहीच भरते. टेलिग्रामवर तयार उत्तरं मिळतात आणि लोक ती डोळे झाकून उतरवतात, चुकांसकट. तुम्ही ते करू नका. त्यात नैतिकतेचा भाग आहेच, पण साधा व्यवहारही आहे: ही उत्तरं स्वतः लिहिली की परीक्षेची निम्मी तयारी तिथेच होते. दिलेल्या प्रत्येक असाइनमेंटची फोटो प्रत आणि पोच जपून ठेवा. गुणपत्रिकेवर गुण चढले नाहीत तर तोच एक पुरावा. मुक्त विद्यापीठातल्या गृहपाठांनाही हेच लागू.

विषय निवडताना एमपीएससी हे एकच गाळणं लावू नका. उद्या शिक्षक व्हावंसं वाटलं तर बी.एड.ला पदवीला किमान ५० टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि पदवीचे विषय शाळेत शिकवले जाणारे असले की अडचण येत नाही. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, मराठी, इंग्रजी यांतलं काहीतरी हाताशी असू द्या. नुसत्या लोकप्रशासनावर बी.ए. करून नंतर बी.एड.साठी फिरणारे मी पाहिलेत. आणि 'पास झालो की झालं' ही वृत्ती इथेच महागात पडते. ४६ टक्क्यांनी पदवी मिळते, बी.एड. खुल्या प्रवर्गातून मिळत नाही.

तिसरा पर्यायही आहे, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मुंबई विद्यापीठाची दूरस्थ शिक्षण शाखा, जुनं नाव आयडॉल, आता सीडीओई, तिच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव येतं. पारंपरिक विद्यापीठाचं नाव हवंच असेल तर तिची माहितीपुस्तिका बघून घ्या.

एक इशारा. 'एका वर्षात बी.ए.', 'गॅप वर्षं भरून देतो', 'हमखास पास' असं लिहिलेल्या फलकाखालून लवकर पुढे जा. पदवी एका वर्षात होत नाही. इग्नू आणि मुक्त विद्यापीठ दोघांचेही अर्ज ऑनलाइन असतात, स्वतः भरता येतात, मधला माणूस लागत नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं उत्तर: प्रवेश मुक्त विद्यापीठात घ्या, माध्यम मराठी, विषयांत इतिहास किंवा राज्यशास्त्र असू द्या, आणि वाचायला सोबत इग्नूची हिंदी पुस्तकं ईज्ञानकोशावरून उतरवून घ्या. नाव एकीकडे नोंदवून पुस्तकं दुसरीकडची वाचायला कोणाची बंदी नाही. वर दिलेल्या चाचणीत हिंदी किंवा इंग्रजीचा कागद मराठीइतकाच भरला, किंवा राज्याबाहेर जायचं नक्की असेल, तर हेच उत्तर उलटं वाचा.

अर्ज भरण्याआधी एक काम आजच करून टाका. दूरस्थ प्रवेशासाठी आता यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे डेब आयडी, लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे तुमच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा स्पेलिंगचा फरक असेल तर तिथेच घोडं अडतं, आणि आधार दुरुस्तीला वेळ जातो. ते जुळतंय का बघा, आणि विषय ठरले की इथेच खाली लिहा. कोणत्या विषयाची कोणती पुस्तकं आधी उघडायची ते सांगेन.