वाचकांचे प्रश्न : डिस्लेक्सियाचे मूळ कोठे आणि उपाय कोणता?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एकदा ऐकलेली गोष्ट ती जशीच्या तशी सांगते, पण पुस्तक उघडले की शब्दाशब्दाला अडते. ‘घर’ला ‘धर’ आणि ‘भाऊ’ला ‘माऊ’ वाचते. डोळ्यांच्या तपासणीत दोष निघाला नाही, तरीही एका परिचितांनी रंगीत काचांचा चष्मा सुचवला आहे. माझ्या पतींनाही लहानपणी वाचन जड जात असे. हा आजार डोळ्यांचा, मेंदूचा की आनुवंशिक?

उत्तर : आपण सांगता ती अडचण डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षर आणि आवाज यांची सांगड न बसल्याने वाचन जड जाण्याची, दिसते. प्रथम ‘आजार’ हा शब्द बाजूला ठेवू या, कारण तो एकदा तोंडी बसला की औषधाचा शोध सुरू होतो आणि शिकवणे मागे पडते.

डोळ्यांवरचा संशय जुना आहे. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूढ करणारे रुडॉल्फ बर्लिन हे जर्मन नेत्रतज्ज्ञ होते, आणि त्यांचे या विषयावरील पुस्तक १८८७ सालचे आहे. पुढे १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा स्वतःचे ‘पर्सी’ हे नावसुद्धा अक्षरांची अदलाबदल करून लिहीत असे. सारे शिक्षण तोंडी असते तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मॉर्गन यांनी या अडचणीला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटले. ते तिचे मूळ मेंदूतच मानत होते, पण ‘अंधत्व’ हा शब्द लोकांच्या लक्षात राहिला आणि बोट डोळ्यांकडेच जात राहिले.

हा समज ढिला करणारे प्रयोग १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्रँक वेलुटिनो यांनी केले. वाचनात मागे असलेल्या आणि नीट वाचणाऱ्या अशा दोन्ही गटांतील मुलांना त्यांनी हिब्रू अक्षरे क्षणभर दाखवली आणि आठवणीतून काढायला सांगितली. ही लिपी दोन्ही गटांना अनोळखी होती आणि दोन्ही गटांची कामगिरी सारखीच ठरली. मागे पडलेली मुले ओळखीच्या लिपीतला शब्दसुद्धा बहुधा बरोबर उतरवत. तोच शब्द उच्चारायला सांगितला की मात्र चुकत. आकार डोळ्यांनी नीट टिपला होता, त्याच्याशी जोडलेला आवाज हाती येत नव्हता. आपल्या मुलीची ‘घ-ध’ची गफलत याच जातीची आहे. नव्याने वाचायला लागलेली बहुतेक सर्व मुले असा घोळ घालतात. अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की झाली की तो सुटतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची ही गाठ बसायला फार वेळ लागतो, म्हणून घोळही रेंगाळतो.

मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत वाचताना डाव्या अर्धगोलाच्या मागील भागांतील क्रिया अशा व्यक्तींमध्ये मंद आढळते. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांवरील २००१ सालच्या अभ्यासात तिन्ही भाषांत हाच प्रकार दिसला. आनुवंशिकतेबद्दलची आपली शंकाही रास्त आहे. आई किंवा वडिलांना ही अडचण असलेल्या मुलांपैकी सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास मुलांमध्ये ती उतरते. मात्र ‘डिस्लेक्सियाचे जनुक’ असे एकच काही नसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील ४२ ठिकाणांचा संबंध आढळला आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा अगदी लहान होता. त्यामुळे पतींनी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. उलट आपल्या लहानपणीचे अनुभव त्यांनी मुलीला मोकळेपणाने सांगावेत.

चष्म्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांना डिस्लेक्सियावरील उपाय म्हणून पुराव्याचा आधार नसल्याचे सांगितले आहे. चष्म्याने अपाय होणार नाही हे खरे, पण त्याच्या भरवशावर जे सहा महिने जातील ते मुलीचे जातील.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गातील तीन मुले वाचनात फारच मागे आहेत. मी धडा पुनःपुन्हा वाचून घेते, चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावते, तरी फरक पडत नाही. संशोधनाने पारखलेली पद्धत कोणती? शिवाय बरेचसे संशोधन इंग्रजीतले दिसते. ते देवनागरीला लागू पडेल का?

उत्तर : दहा वेळा लिहिण्याने मुलाचा हात दमतो. ज्या शब्दातील आवाज त्याला सुटे ऐकू येत नाहीत, तो शब्द त्याच्या लेखी एक चित्र असते आणि तो ते चित्र दहादा काढतो.

या क्षेत्रातील ज्या प्रयोगाकडे मी वारंवार वळते, तो लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. मूळ पेच असा होता की, आवाज वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून वाचन कच्चे राहते, की वाचन कच्चे म्हणून आवाज ओळखण्याचा सराव होत नाही? त्यांनी अजून वाचता न येणारी चार-पाच वर्षांची चारशेहून अधिक मुले घेतली आणि कोणता शब्द इतरांशी यमकात किंवा सुरुवातीच्या आवाजात जुळत नाही, हे त्यांना विचारले. पुढील काही वर्षे त्या मुलांचे वाचन पाहिले असता, आधीची ही जाण आणि नंतरचे वाचन यांचा निकटचा संबंध दिसला. एवढ्यावर न थांबता, या जाणिवेत कमी पडलेल्या ६५ मुलांना गटांत विभागून दोन वर्षांत प्रत्येकी ४० वेळा शिकवले. एका गटाने शब्द केवळ आवाजावरून लावले, दुसऱ्याने आवाजाबरोबर प्लास्टिकची अक्षरेही हाताळली, तिसऱ्याने तेच शब्द अर्थावरून लावले, तर चौथ्या गटाला असे काही शिकवले नाही. वाचनात सर्वांत पुढे गेला तो आवाज आणि अक्षर यांची सांगड घालणारा गट. नुसते आवाजाचे खेळ तितके उपयोगी पडत नाहीत आणि नुसती अक्षरओळखही पुरत नाही. नंतरच्या बहुतांश संशोधनाचा कल याच दिशेने आहे : शिकवणे उघड, क्रमवार आणि आवाज-अक्षराच्या जोडीने असावे.

आता देवनागरी. युरोपातील भाषांच्या २००३ सालच्या तुलनेत पहिल्या वर्षाअखेर इंग्रजी वाचणारी मुले सुमारे ३४ टक्के शब्द बरोबर वाचू शकली, तर बहुतेक इतर भाषांतील मुले ९० टक्क्यांच्या वर होती. आपली लिपी या दुसऱ्या, नियमित लिप्यांच्या बाजूची आहे आणि त्याचा फायदा मुलांना मिळतो. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत. चिन्हे पुष्कळ, शिवाय लिहिण्याचा क्रम आणि ऐकण्याचा क्रम नेहमी जुळत नाही. ‘किरण’मधील ऱ्हस्व वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी येते, पण कानाला ‘इ’ नंतर ऐकू येते. ‘सूर्य’मध्ये ‘र’ हा ‘य’च्या आधी उच्चारला जातो, पण रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो. ‘करतो’ म्हणताना ‘र’मधला ‘अ’ गळतो आणि ते मुलाला कोणी सांगत नाही.

म्हणून ‘सूर्य’ चुकला तर तो दहादा लिहून न घेता मुलाला शब्द सावकाश म्हणू द्या. ‘सू’नंतर काय ऐकू आले? ‘र्’. मग? ‘य’. प्रत्येक आवाजासाठी टेबलावर एक बटण ठेवू द्या. त्यानंतरच बटणांच्या जागी अक्षरपट्ट्या ठेवा आणि ‘र्’ची पट्टी उचलून ‘य’वर चढवण्याचे काम मुलाच्या हातून होऊ द्या. पाठोपाठ ‘कार्य’ आणि ‘धैर्य’ घ्या. नवा नियम त्याच दिवशी नको. तिन्ही मुलांना एकत्र बसवून रोज पंधरा-वीस मिनिटे हे करणे आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा बरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. नियमित लिप्यांमध्ये डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणात आणि शुद्धलेखनात अधिक दिसतो. बरोबर पण रखडत वाचणारे मूल ‘आळशी’ म्हणून वर्गात बसलेले असते, तेव्हा आपली तीन मुले प्रत्यक्षात चार किंवा पाच असू शकतात.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. बुद्धिमत्ता चाचणीत गुण सरासरीपेक्षा कमी आल्यामुळे ‘हा डिस्लेक्सिया असूच शकत नाही’ असे आम्हाला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का? आणि आता उशीर झाला आहे का?

उत्तर : पूर्वी तशी अट होती. बुद्धी आणि वाचन यांत मोठी तफावत असावी, ही कसोटी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत वगळली. बुद्ध्यंक कमी असो वा जास्त, वाचनात मागे असलेल्या मुलांच्या मेंदूतील क्रियेचे स्वरूप सारखेच आढळते, असे २०११ सालच्या एका अभ्यासात दिसून आले होते.

उशिराबद्दल खोटा दिलासा देणार नाही. आठ ते दहा वर्षांच्या ६० मुलांना जोसेफ टॉर्गेसन आणि सहकाऱ्यांनी आठ आठवड्यांत एकेकट्याने साडेसदुसष्ट तास शिकवले, तेव्हा अचूकता खूप सुधारली आणि पुढील दोन वर्षे टिकली, पण वेग मागेच राहिला. तेराव्या वर्षीही अचूकता कमावता येते. वेगाची भरपाई परीक्षेतील जादा वेळ आणि ऐकायची पुस्तके यांनी करावी लागते, आणि ती मागण्यात संकोच नको.

दुसऱ्या तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी घरी एक करून पाहावे. ‘टमोक’, ‘नुभिसे’, ‘गर्पाळी’ असे दहा-बारा निरर्थक शब्द कागदावर लिहून त्याला मोठ्याने वाचू द्यावेत. ओळखीचा शब्द मूल अंदाजाने मारून नेते. इथे अंदाजाला वावच नसतो. त्याने काय वाचले ते जसेच्या तसे शेजारी टिपावे, लागलेला वेळही लिहावा आणि तो कागद सोबत न्यावा.