'गोपनीयता धोरण' की 'खासगीपणा'?

प्रश्न असा आहे की मराठी ॲपमधे प्रायव्हसी पॉलिसीला 'गोपनीयता धोरण' लिहितात ते बरोबर का, की खासगीपणा म्हणावं. मला विचाराल तर 'गोपनीयता' हा शब्द तिथे चुकीच्या जागी बसलाय आणि त्यामुळे नुकसानही होतंय.

गोपनीय म्हणजे लपवून ठेवायचं ते. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात, सरकारी नोकरीत वरिष्ठ गोपनीय अहवाल लिहितात, तिथे शब्द चपखल आहे. ओटीपी, यूपीआय पिन, पासवर्ड हे पण गोपनीयच, बँकेच्या माणसालाही सांगायचे नाहीत. पण मोबाईल नंबर घ्या, तो शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांना माहिती असतो, त्यात गुपित काहीच नाही, तरी दुकानात बिलासाठी दिलेला नंबर कोणी तिसऱ्यालाच विकला आणि लोनवाल्यांचे फोन सुरू झाले तर चालेल का? तेच दवाखान्याच्या रिपोर्टचं, लोकेशनचं. कोणाला किती कळावं हे मी ठरवणार, एवढाच मुद्दा आहे.

त्यासाठी खासगी हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. होळकरांच्या राज्यात दौलत (म्हणजे राज्याचा खजिना) वेगळी आणि खासगी (म्हणजे घराण्याची स्वतःची मिळकत) वेगळी, खासगीवर राणीचा हक्क. म्हणजे मालकी कोणाची ते त्या शब्दातच आलं. (बरेच जण खाजगी म्हणतात, काही बिघडत नाही.)

गोपनीयता म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" आणि मग टॉर्चच्या ॲपलाही कॉन्टॅक्ट्सची परमिशन देतात, आधारची पूर्ण झेरॉक्स कुठेही देतात, खरं तर मास्क्ड आधारवर शेवटचे ४च आकडे दिसतात आणि बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरतं. शिवाय पिन फुटला तर बदलता येतो, बोटांचे ठसे कसे बदलणार, म्हणून तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, ती जरूर वापरा.

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदाही मुख्यतः संमतीवर उभा आहे, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे असं त्यात आहे. संमती, हक्क हे शब्द खासगीपणाच्या शेजारी शोभतात.

तेव्हा पासवर्डच्या चौकटीखाली 'गोपनीय ठेवा' खुशाल लिहा, पण धोरणाला 'खासगी माहितीचं धोरण' म्हणा, वाचणाऱ्याला ते आपल्याबद्दल आहे हे तरी कळेल.