नुनावुतमध्ये लोक नेमके राहतात कुठे?

तुमचा प्रश्न असा की, कॅनडाच्या नकाशावर उत्तरेला एवढं मोठं नुनावुत दिसतं, तिथे लोक नेमके कुठे राहतात आणि तिथेच का?

जवळपास सगळे किनाऱ्यावर. क्षेत्रफळ 20 लाख चौरस किलोमीटरच्या वर, महाराष्ट्राच्या जवळपास सातपट. 2021च्या जनगणनेत लोकसंख्या मात्र 36,858, तीही 25 गावांत. समुद्रापासून आत असं गाव एकच, बेकर लेक, आणि तिथेही हडसन उपसागरातून बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्या, पोचतात. गावांना जोडणारे रस्ते नाहीत.

सील, वॉलरस, व्हेल, ‘चार’ नावाचा मासा, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांचं बहुतेक अन्न, समुद्रात आणि नदीमुखांशी. पूर्वी ते ऋतूप्रमाणे तळ हलवत. कायमची वस्ती प्रामुख्याने 1950 नंतरची: फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचं ठाणं, ख्रिस्ती मिशन किंवा पोलीस चौकी होती तिथेच सरकारने शाळा आणि दवाखाना काढला. राजधानी इकालुइत 1942च्या अमेरिकी हवाई तळाभोवती वाढली, रँकिन इनलेट निकेलच्या खाणीमुळे. रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड या अगदी उत्तरेकडच्या दोन गावांची गोष्ट वेगळी, आणि ती सांगायलाच हवी. 1953 आणि 1955 मध्ये सरकारने उत्तर क्वेबेकमधली कुटुंबं सुमारे 2,000 किलोमीटर उत्तरेला नेऊन सोडली. दोन वर्षांनी परत आणू, हा शब्द पाळला नाही. माफी मागितली ती थेट 2010 मध्ये.

आज गाव टिकायला तीन गोष्टी लागतात: गोडं पाणी, धावपट्टीपुरती सपाट जागा आणि हळूहळू उतरत जाणारा किनारा. बहुतेक ठिकाणी मोठ्या जहाजाला धक्का नाही. उन्हाळ्यात जहाज बाहेर नांगर टाकतं आणि भरती साधून बार्जने माल किनाऱ्यावर उतरवतात. बर्फाने वाट अडवली तर तोच माल विमानाने येतो, कितीतरी महाग पडून.

जमीन खाली कायम गोठलेली. घराची ऊब लागून ती वितळली तर घर खचतं, म्हणून घरं खांबांवर, खाली वारा खेळता. पाइप पुरणंही अवघड, त्यामुळे बहुतेक घरांत दोन टाक्या: एक पाण्याची, एक सांडपाण्याची. दोन्हींसाठी टँकर येतो. सांडपाण्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद होतो. म्हणून हिमवादळात टँकर अडकले, तर पाण्याच्या टाकीत पाणी असूनही नळ कोरडे पडतात.