मेलबर्नात कानबाई, आखाजी आणि 26 जानेवारी

प्रश्न: आम्ही मूळ खानदेशातल्या शिरपूरचे, आता मेलबर्नला असतो. सासूबाई फोनवर सारखं म्हणतात नारळाची कानबाई देवी बसवा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर भरा. इकडे पोरीच्या शाळेत हार्मनी डे, अँझॅक डे, वेगळंच काही चालू असतं. सगळं कसं जमवायचं आणि सुट्ट्या कुठून आणायच्या?

उत्तर: ताई, कानबाईसाठी सुट्टी लागतच नाही ना! नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी सकाळी विसर्जन, ते पहाटे उरकून ऑफिस गाठता येतं. फक्त घरचा नारळ बॅगेत घालून न्यायचा हट्ट कोणी करत असेल तर सरळ नाही म्हणा, ऑस्ट्रेलियात उतरताना नारळ, धान्य, बिया असलं सगळं जाहीर करावं लागतं, लपवलं आणि सापडलं तर दंड जबरी आहे. तिकडच्याच दुकानातला नारळ घ्या, नथ घाला, डोळे लावा, झाली कानबाई. विसर्जन अंगणात बादलीत करा. रात्रीची गाणी जरा बेतानं, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आणि रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदांतच संपवायचे असतात, ते कौतुकानं ऑफिसात वाटायला नेऊ नका, शेजाऱ्यांना बोलवायचंच असेल तर दुसऱ्या रविवारी वरण-बट्टी आणि भरीत करा, तिखट बेताचं ठेवून.

आखाजीचं खरं दुखणं म्हणजे आंबा. आपल्याकडे तेव्हा ऊन रणरणतं आणि घरोघरी रस, तिकडे शरद ऋतू लागलेला, झाडावर आंबा कुठला. तर डिसेंबर-जानेवारीत तिथला आंबा स्वस्त असतो तेव्हाच रस काढून डब्यात भरून फ्रीझरला टाका, आखाजीच्या आदल्या रात्री काढून ठेवा. मांडे भाजायचं मातीचं खापर नसलं तरी चालेल, पुरणपोळी तव्यावर करा, मांडे म्हणू नका एवढंच!

आता पोरीचं. आखाजीला आपण घागर भरतो ती पितरांसाठी, आणि त्याच सुमारास 25 एप्रिलला तिकडे अँझॅक डे असतो, पहिल्या महायुद्धात 1915 ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत उतरलेल्या सैनिकांची आठवण. तिथे भारतीय सैनिकही लढले होते हे शाळेत कोणी सांगेल न सांगेल, तुम्ही सांगा. पहाटेच्या कार्यक्रमाला एकदा तिला घेऊन जा. गेलेल्या माणसांसाठी पहाटे उठून गप्प उभं राहायचं म्हणजे काय हे तिला लगेच कळेल, घरी घागर भरताना तिनं आजोबा-पणजोबांची नावं घेतलेली असतील तर.

26 जानेवारीला जरा जपून. आपला प्रजासत्ताक दिन, आणि तिकडे ऑस्ट्रेलिया डे, 1788 ला वसाहत करायला आलेल्या इंग्रज आर्थर फिलिपची जहाजं सिडनीला लागली तो दिवस. तिथल्या मूळ लोकांसाठी तो आनंदाचा दिवस नाही, 1938 ला त्यांनी तो शोक दिवस म्हणून पाळला होता. म्हणून दोन्ही झेंडे हातात देऊन फोटो काढण्याआधी पोरीला दोन्ही गोष्टी सांगा. तुम्ही तर शिरपूरच्या, पावरा-भिल्लांच्या 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुका बघत मोठ्या झालात, जमीन आधी कोणाची होती हा प्रश्न तुम्हाला नवा नाही.

मार्चमधल्या हार्मनी डेला, म्हणजे सगळ्या संस्कृतींच्या दिवसाला, सगळ्या आया पोरांना झब्बा-परकर घालून समोसे देतात आणि झालं, माझ्या मते हे फार पुचाट होतं. त्यापेक्षा गुलाबाईतला, म्हणजे आपल्याकडच्या मुलींच्या गाण्या-खेळांच्या सणातला, खाऊ ओळखायचा खेळ शाळेत घ्या, डबा झाकायचा, हलवायचा, वास द्यायचा, पोरं ओरडून ओरडून अंदाज करतात, भाषा लागतच नाही. शेंगदाणा मात्र वगळा, ऍलर्जीवाली पोरं असतात, बाईंना आधी विचारा. खरी गुलाबाई भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, त्यात साधारण तिकडची सप्टेंबरची शाळेची सुट्टी येते, तेव्हा चार मराठी पोरी जमवून घरी मांडा, रोज नाही जमली तर शनिवारी.

आणि फराळासाठी रजा टाकायची वेळ आली तर आधी कॅलेंडर बघा, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी असते, काही वर्षी दिवाळीच्या अगदी जवळ येते, त्या दिवशी चकल्या उरकतात. घोड्यांच्या शर्यतीसाठी अख्ख्या शहराला सुट्टी म्हटल्यावर सासूबाई हसतील, त्यांना म्हणा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत मामंजी दिवसभर घोडे बघत कसे बसायचे ते आठवा.