पट्टी भरली म्हणून पेन ड्राइव्ह उपटू नकोस
कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर गेली तरी थांब. ऑपरेटिंग सिस्टिम बऱ्याचदा डेटा आधी रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवते आणि मग सवडीने ड्राइव्हवर उतरवते. लिनक्सवर तर हमखास. ‘इजेक्ट’ म्हणजे उरलंसुरलं लिहून टाक, असा हुकूम. मी एकदा घाई केली, तर फोल्डरमध्ये नावं सगळी जागच्या जागी, फायली मात्र शून्य बाइटच्या!

केबलने जोडायच्या एसएसडीच्या (चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हच्या) वेगाची तक्रार असेल तर आधी केबल बघ. यूएसबी २.० म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून कागदावर ६० मेगाबाइट, हातात पडतात ३५-४०. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट हवेत तर जादा तारा लागतात, आणि फोनच्या चार्जरसोबतच्या टाइप-सी केबलमध्ये त्या बहुधा नसतातच. शिव्या मात्र बिचारी एसएसडी खाते.