नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या काळात सरकारी कार्यालयांचे काम ठप्प होते का?

डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन सुरू असताना नागपूरच्या सरकारी कार्यालयांमध्ये सामान्य माणसाचे काम होते की सगळे ठप्प असते, आणि त्या दिवसांत काम घेऊन यावे का, असे आपण विचारले आहे. मी सिव्हिल लाईन्समधील एका जिल्हास्तरीय कार्यालयात नोकरी करतो आणि अधिवेशनाच्या काळात प्रश्नोत्तरांची टेबले सांभाळतो. काम थांबत नाही. मात्र कार्यालयाचे तोंड खिडकीवर उभ्या असलेल्या अर्जदाराकडून विधानभवनाकडे वळते, हे मान्य केले पाहिजे. कामकाज खरोखर ठप्प झाले ते २०१८ साली, पावसाळी अधिवेशन येथे भरले होते तेव्हा. ६ जुलैच्या मुसळधार पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीज यंत्रणेत शिरले आणि सभागृह तहकूब करावे लागले.

हे अधिवेशन म्हणजे नागपूरवर केलेली मेहेरबानी नव्हे. हे शहर जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, आणि शासनाने ठराविक काळ नागपुरात मुक्काम हलवावा व विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन येथे व्हावे, हे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातच ठरलेले आहे. म्हणूनच २०२० आणि २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली, तेव्हा येथे ती उणीव जाणवली.

आता आतले काम कसे चालते ते सांगतो, कारण बाहेरच्या वाचकाला बातम्यांमधून केवळ मोर्चे आणि मंत्र्यांचे ताफे दिसतात. समजा, एखाद्या तालुक्यातील नाल्यावरच्या पुलाचा कठडा तुटल्याची चार ओळींची बातमी स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर आली. त्या भागाचे आमदार तिच्या आधारे प्रश्नाची सूचना देतात आणि तो मंत्रालयातील कार्यासनाकडून (त्या विषयाचे काम पाहणाऱ्या शाखेकडून) पायरीपायरीने उतरत आमच्या टेबलावर येतो. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: अमुक पुलाचा कठडा तुटल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? बातमीचे कात्रण धारिकेत लावलेले असते, आणि वर शेरा असतो, ‘आजच माहिती सादर करावी’. मग शाखा अभियंत्याला फोन जातो, तो जागेवर जाऊन छायाचित्रे पाठवतो, अंदाजपत्रक कुठे अडकले आहे याचा शोध लागतो. एरवी महिनोन्‌महिने न हललेली धारिका त्या एका दिवसात तीन टेबले ओलांडते. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले, तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे नोंदले जाते आणि पूर्ततेचा अहवाल द्यावाच लागतो. गावातल्या वार्ताहराने लिहिलेल्या चार ओळींना शासनाकडून लेखी उत्तर मिळते, ही मला या अधिवेशनाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, आणि म्हणूनच जागेवर न जाता ‘हे खरे नाही’ असे उत्तर पाठवून मोकळे होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

याची किंमत अर्थातच कोणीतरी मोजतो. अधिकाऱ्यांच्या गाड्या अधिवेशनाच्या कामासाठी अधिग्रहित होतात, रजा मंजूर होत नाहीत, मुख्यालय सोडण्यास मनाई असते, आणि साहेब बहुतेक वेळ विधानभवनात किंवा मंत्र्यांचा मुक्काम असलेल्या रविभवनात बैठकीला असतात. परिणामी भिवापूर-उमरेडहून सकाळची एसटी पकडून आलेल्या माणसाला सही मिळत नाही. २०२४ चे अधिवेशन तर १६ ते २१ डिसेंबर एवढेच होते. इतक्या थोड्या दिवसांत प्रश्नांची गर्दी उसळते आणि उत्तरे घाईची होतात. अधिवेशन लांबावे असे मला वाटते ते याच कारणासाठी.

मोर्चांबद्दल त्रागा करू नका, एवढी विनंती आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनाकडे निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. त्यांचे स्मारक झिरो माईलजवळ आहे. रस्त्यातले कठडे आणि वळवलेली वाहतूक पाहताना आम्हाला ते आठवते.

तेव्हा आपले काम साहेबांच्या सहीचे असेल, तर अधिवेशनाच्या आधी किंवा नंतर यावे. अर्ज दाखल करायचा असेल किंवा नक्कल मागायची असेल, तर खुशाल यावे, कारण आवक-जावक कक्ष नेहमीप्रमाणे सुरू असतो. मात्र तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत जाऊ नये. मोर्चे बहुधा दुपारी निघतात, म्हणून कार्यालय उघडताच पोहोचावे, आणि गाडी घेऊन बर्डीत (सीताबर्डीत) अडकण्यापेक्षा मेट्रोने झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क स्थानकावर उतरून यावे.